टिटवीनं अलीकडं ओढलेलं लग्न

माया ओव्हाळनं संघर्ष भालेरावला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दोघांच्या मध्ये एक रोडरोलर होता. चालू.

सकाळची वेळ. तळवाडीच्या पाझर तलावाचा बांध ओलांडला की फाटा, आणि फाट्यावर कुरकुंभच्या कंपनीची बस. त्या कंपनीच्या लॅबमध्ये माया केमिस्ट होती. औषधाच्या पावडरी तपासायच्या आणि पास की फेल ते सांगायचं, हे तिचं काम. एकदा फेल म्हटलं की म्हटलं. मॅनेजर येऊन गयावया करून गेला तरी पावडर फेल ती फेलच. असा स्वभाव आणि डब्याची पिशवी घेऊन ती बांधावरून निघाली होती. समोरून रोलर येत होता. आणि मध्ये, गेल्या आठवड्यात पसरलेल्या मुरमात, एक टिटवी पंख पसरून रोलरवर ओरडत उभी होती.

टिटवी म्हणजे ओंजळभर जीव. पण आविर्भाव असा, की अजून एक पाऊल पुढं टाकलंस तर तुझं काही खरं नाही.

मायाला ते पटलं. ती जाऊन टिटवीच्या शेजारी उभी राहिली.

रोलर थांबला. वर बसलेला रामसूरत खाली वाकून म्हणाला, "दीदी, हटिये ना. ब्रेक कमजोर है."

"मग थांबला कसा?"

"डर के मारे," रामसूरत म्हणाला.

रोलरच्या मागून पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण पळत आला. "काय झालं? काय झालं?" असं दोनदा विचारायची त्याला सवय होती. पहिल्यांदा लोकांना, दुसऱ्यांदा स्वतःला.

"अंडी आहेत," माया म्हणाली.

"कुठं?"

"तुमच्या बुटापुढं. हलू नका."

त्यानं एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. खाली मुरमात चार अंडी होती. मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. तो अंड्यांकडं बघत राहिला, मग मायाकडं, आणि एका पायावर डुलत म्हणाला, "मी संघर्ष भालेराव. शिरूरचा. इथं सुपरवायझर."

"पाय ठेवा. मागं."

त्यानं ठेवला.

"पिल्लं निघून पळेपर्यंत रोलर इथून पुढं जाणार नाही," माया म्हणाली.

"म्हणजे किती दिवस?"

"महिना तरी."

"महिना? अहो, मी कॉन्ट्रॅक्टरला काय सांगू?"

"टिटवी आडवी आली म्हणून सांगा."

"मांजर आडवी आली तर लोक थांबतात. टिटवीसाठी..."

"आमच्यात मांजराला कुणी थांबत नाही."

"आमच्यातपण नाही," तो म्हणाला.

तेवढ्या बोलण्यात दोघांना एकमेकांविषयी जे कळायचं ते कळलं. मायाची बस मात्र गेली.

त्या वर्षी थंडी तळवाडीपर्यंत पोचलीच नव्हती. पुण्यात आली होती म्हणतात, शिरूरलाही तोंड दाखवून गेली. पण खुटबाव गावाच्या अलीकडं तिचा पत्ता नव्हता. संक्रांत झाली तरी लोक अंगणात उघड्यावर झोपत होते. ज्यांनी हौसेनं स्वेटर विणले होते, त्या बायका लेकरांना भरदुपारी स्वेटर घालून मेहनत वसूल करत होत्या. माणसांचं ठीक आहे, माणूस कॅलेंडर बघतो. पाखरांचा मात्र पार गोंधळ उडाला. पाऊस पडल्याशिवाय जी घरटं मनावर घेत नाही ती टिबुकली, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं पाठीवर घेऊन तलावात फिरत होती. चोचीच्या एका टोकाला पिवळा आणि दुसऱ्या टोकाला तांबडा ठिपका मिरवणारी हळदी-कुंकू बदकांची जोडी पिल्लांची रांग घेऊन लव्हाळ्यातून बाहेर पडली होती. ऐन पौषात. पौषात कुणी शुभकार्य काढत नाही, पण बदकांना सांगणार कोण?

आणि जिनं उन्हाळ्याशिवाय अंडी घालू नयेत असा सगळ्या तालुक्याचा समज होता, त्या टिटवीनंही उरकून घेतलं होतं.

संघर्षनं अंड्यांभोवती चार काठ्या रोवून तांबडी चिंधी बांधली आणि बांधाचं काम दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं. रोलर बाभळीखाली उभा राहिला. त्याच्या सावलीत रामसूरत दिवसभर झोपू लागला आणि टिटवीला दुवा देऊ लागला. फाट्यावरच्या फोनच्या डबड्यात नाणी टाकून संघर्ष रोज कॉन्ट्रॅक्टरला फोन करायचा. माया बसची वाट बघत उभी असायची, तिला सगळं ऐकू यायचं.

"साहेब, रोलरला जरा... गरम होतंय. ...हो, विश्रांती दिलीय. ...नाही, औषधपाणी चालू आहे. ...सुधारणा आहे, साहेब."

फोन ठेवून तो वळला की माया त्याच्याकडं न बघता म्हणायची, "ताप उतरला का?"

"रात्री थोडा होता. सकाळी पेज घेतली."

तो हसायचा नाही. तीही हसायची नाही. बसमध्ये बसल्यावर मात्र खिडकीकडं तोंड करून ती अशी हसायची, की शेजारच्या बाईनं एकदा तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

टिटवीनं मायाला लवकर ओळखीत घेतलं. ती जवळ आली तरी जरा मान वर करायची आणि पुन्हा बसायची. संघर्षचा मात्र तिला राग होता. तो दिसला की आभाळातून सरळ त्याच्या हेल्मेटवर झेप.

"हेल्मेट काढून बघा," माया सुटीच्या एका दुपारी म्हणाली. "तुमच्यावर नसेल राग, हेल्मेटवर असेल."

त्यानं काढलं. टिटवी आली. त्यानं डोकं चोळत हेल्मेट परत घातलं.

"माझ्यावरच आहे," तो म्हणाला.

"तुम्ही तिच्या जागेवर रोलर आणलात. ती विसरणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही विसराल का?"

माया पाण्याकडं बघत होती. पाण्यात टिबुकलीनं बुडी मारली. पाठीवरची पिल्लं बुडबुड्यांसारखी वर आली आणि आई कुठं गेली म्हणून इकडंतिकडं बघू लागली. पोट पाण्यात भिजवून टिटवी आली, अंड्यांवर अलगद बसली. मुरूम तापलेला होता. ओल्या पिसांचा एक गार वास दोघांपर्यंत आला...

"बघू," माया म्हणाली.

असे दिवस जात होते. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक ज्या दिवशी त्यानं तिच्या डब्यातली वांग्याची भाजी संपवली आणि मग विचारलं, "घेऊ का थोडी?" त्या दिवशी.

सगळं असंच चाललं असतं. पण पोपटराव बांधावर आले.

पोपटराव म्हणजे तळवाडीतले मोठे बागायतदार, आणि पावसापाण्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कमरेवर हात ठेवून अंडी बघितली, बांधाची उंची बघितली, आभाळ बघितलं. आणि त्यांचा चेहरा उतरला.

टिटवीनं नदीच्या पात्रात, खोलगटात अंडी घातली तर पाऊस कमी. उंचावर घातली तर धो-धो. हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. लवकर घातली तर लवकर, हे उघडच आहे. आणि ही अंडी गावातल्या सगळ्यात उंच जागी होती, आणि कुणाच्या आठवणीत नाहीत इतकी लवकर होती.

"औंदा मे महिना बुडाला," पोपटराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रांगडा कांदा कच्चाच उपटायला घेतला. ते बघून सगळ्यांनी घेतला. कुशाबाईनं उन्हाळ्यातल्या कुरडया जानेवारीत घातल्या. एकानं तर घरावरचे पत्रे बदलून घेतले आणि मग त्याच्या लक्षात आलं, की त्याचं घर स्लॅबचं आहे. पत्रे शेजाऱ्याचे होते. शेजाऱ्यानं तक्रार केली नाही.

राहता राहिले मायाचे वडील, बन्सीआबा.

आबा दौंड जंक्शनला रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते, रिटायर होऊन घरी बसले होते. शकुन-अपशकुन त्यांना चालत नसे. विहारात दर रविवारी ते त्यावर बोलत आणि चांगलं बोलत. त्यामुळं माया निर्धास्त होती. पण संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आबा टोपी घालून खाटेवर ताठ बसलेले. गाडी यायची असली की ते असे बसत.

"माया, तुझं लग्न वैशाखीवरनं माघीवर घेतलंय," आबा म्हणाले. "औंदा वैशाखात पाऊस हाय."

"कोण म्हणालं?"

"टिटवी."

"आबा! तुम्ही शकुन मानता?"

"ह्यो शकुन न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. "सिग्नल हाय. शकुन कुणीतरी सांगतं, सिग्नल डोळ्यानं दिसतो. मी स्वतः जाऊन बघून आलोय."

शिरूरचा सम्राट नावाचा मुलगा दिवाळीत बघून गेला होता. पतपेढीत नोकरी, वागायला चांगला, नाव ठेवायला जागा नाही. माया तेव्हा 'बघू' म्हणाली होती. घरात 'बघू' म्हणजे 'हो' असं धरतात. तिचा अर्थ फक्त बघू एवढाच होता. लग्न बुद्धपौर्णिमेला, म्हणजे उन्हाळ्यात, म्हणून ती निवांत होती. पण ओव्हाळांच्यात मुहूर्त बघत नाहीत, सोयीची तारीख बघतात. मुहूर्ताचं लग्न एका पाखरासाठी कुणी हलवलं नसतं. सोयीचं लग्न आबांनी एका संध्याकाळीत तीन महिने अलीकडं ओढलं.

आई, ताईबाई, चुलीपुढून म्हणाली, "पोरीला इचारा तरी."

"इचारायचं काय त्यात? पोरगं तेच हाय. फकस्त गाडी बिफोर टाइम."

मायानं त्या रात्री भांडण काढलं नाही. भांडायची तिला भीती नव्हती. पण भांडायचं कुणासाठी, ते आधी त्या माणसाकडून ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सुटून आल्यावर ती सरळ बांधावर गेली. संघर्ष टेप धरून मुरूम मोजत होता.

"माझं लग्न आहे," ती म्हणाली. "माघीला."

टेप सर्रकन परत डबीत गेली. त्याच्या बोटाला लागली. त्यानं बोट तोंडात घातलं, काढलं, आणि म्हणाला, "अभिनंदन."

माया त्याच्याकडं बघत राहिली. अशी नजर ती लॅबमध्ये गाठी झालेल्या पावडरीकडं बघताना वापरायची.

"कुणामुळं माहितीये? ह्या बयेमुळं." तिनं टिटवीकडं बोट केलं. "हिनं वर अंडी घातली, म्हणून पाऊस लवकर, म्हणून लग्न लवकर. आणि रोलरपुढं उभी कोण राहिली होती? मी."

"मग... अंडी जरा खाली सरकवली तर?"

"हात लावून बघ. बिचारी परत बसायची नाही."

"मग तू... नाही म्हण ना."

"का म्हणू?"

"म्हणजे?"

"आबा विचारतील, का नाही? काय सांगू? कारण दे मला. एक."

वारा वाहत होता. तलावावर ऊन तिरपं झालं होतं, लव्हाळ्याच्या सावल्या पाण्यात लांबत चालल्या होत्या. संघर्षनं हेल्मेट काढलं. छातीत श्वास भरला. त्याचे ओठ हलले—

"...मुरूम कमी पडतोय," तो म्हणाला.

माया वळली आणि चालायला लागली. तिनं मागं बघितलं नाही. मागं बघितलं असतं, तर तिला दिसलं असतं, की हा गडी स्वतःच्याच हेल्मेटनं स्वतःच्या कपाळावर हळूहळू ठोके मारतोय आणि टिटवी पहिल्यांदाच त्याच्याकडं सहानुभूतीनं बघतीये.

पुढचे दोन दिवस ती बांधावरून गेली नाही. लांबच्या रस्त्यानं फाटा गाठला. तिसऱ्या दिवशी हाफ डे होता, दुपारी बसमधून उतरली, तर फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. चहाची टपरीसुद्धा उघडी टाकून माणूस गायब. आवाज येत होता तो तलावाकडून.

सगळं गाव तलावाच्या पोटात उतरलं होतं. पाणी जिथून मागं हटलं होतं, त्या सुकलेल्या गाळात लोकांनी कोंडाळं केलं होतं. मध्ये पोपटराव, त्यांच्या शेजारी आबा, आणि दोघांच्या मध्ये एक कोंबडी.

"काय झालंय?" मायानं आईला विचारलं.

"दुसरी अंडी घावली," ताईबाई म्हणाली. "खाली. पार खोलगटात. तशीच ठिपक्याची. सकाळी पोपटरावांनी बघितली."

"मग कोंबडी काय करती तिथं?"

"कुशाबाईची हाय. खुडूक बसलीया. दोन दिस घरात न्हवती. लोक जमायच्या आत येऊन त्या अंड्यांवर बसली, आन् आता कुणालाबी जवळ येऊ देईना."

कोंबडीनं पिसं फुलवली होती आणि जमावाकडं ती तुच्छतेनं बघत होती. पोपटरावांचा घाम निथळत होता. वरच्या अंड्यांच्या भरवशावर त्यांनी सगळा कांदा कच्चा उपटला होता, आणि आता खालची अंडी सांगत होती की पाऊसच नाही.

"वरची अंडी म्हंत्यात पाऊस. खालची म्हंत्यात दुष्काळ," ते म्हणाले. "आन् टिटवीच्या अंड्यावर कोंबडी बसली तर काय समजायचं, ते माझ्या आज्यानंबी सांगितलं न्हाई."

सगळे आबांकडं बघू लागले. आबांनी टोपी नीट केली.

"एका रुळावर लाल आन् हिरवा दोन्ही दिवे लागले, तर गाडी जागेवर हुबी करायची. ह्यो रेल्वेचा नियम हाय. लग्न परत वैशाखीला."

कोंडाळ्याच्या मागून सुटकेचा एक उसासा ऐकू आला. मायानं उसाशाच्या दिशेनं बघितलं. सगळ्यांच्या मागं संघर्ष उभा होता, दोन्ही हात पॅन्टच्या खिशात खोल घालून. ह्या माणसाचे हात तिनं कधी खिशात बघितले नव्हते. आणि मनगटावर, खिशाच्या काठापाशी, काळं काहीतरी लागलं होतं.

माया पुढं झाली. कोंबडीनं चोच उगारली. मायानं तिला दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं.

खाली चार बटाटे होते.

लहान लहान, एकसारखे निवडलेले, टोकं आत वळवून ठेवलेले. त्यांना डांबराचे ठिपके दिले होते. आणि ठिपके असे वाटेल तसे दिलेले नव्हते. कुठं बारीक शिंतोडा, कुठं मोठा डाग, कुठं नुसती पुसट रेघ... अंडी किती वेळ आणि किती जवळून बघितली असतील, ते त्या ठिपक्यांवरून कळत होतं.

मायाला हसू येत होतं की काय होतं, तिलाही कळलं नाही.

कोंबडीच्या आडून अजून कुणाला नीट दिसलं नव्हतं. तिनं कोंबडी परत खाली ठेवली असती, तरी चाललं असतं. तारीख पुढं गेलेलीच होती. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण तारीख पुढं गेली तरी नवरदेव तोच राहतो. वैशाख आला असता. आणि तेव्हा पुन्हा कुणीतरी, कुठंतरी, नवे बटाटे रंगवत बसलं असतं.

तिनं कोंबडी कुशाबाईच्या हातात दिली.

"आबा, ही अंडी नाहीत. बटाटे आहेत."

आबा वाकले. एक बटाटा उचलून त्यांनी उन्हात धरला. बराच वेळ धरला.

"बटाटाच हाय," ते म्हणाले.

"ह्यानं ठेवलेत." मायानं बोट केलं.

गर्दी दुभंगली. संघर्षनं खिशातून हात काढले. दोन्ही मनगटापर्यंत काळे होते.

"का रं?" पोपटराव भडकले. "आमच्या तलावावर काम करतोस आन् आमचीच थट्टा?"

"थट्टा नाही, पोपटराव," संघर्ष म्हणाला. "मला... लग्न पुढं ढकलायचं होतं."

"कुणाचं?"

"त्यांचं. मायाचं."

"तिच्या लग्नात तुझं काय जातं?"

संघर्षनं तोंड उघडलं. माया श्वास रोखून उभी राहिली. आता काहीही होऊ शकत होतं, मुरूमसुद्धा. पण ह्या वेळी वाराही नव्हता, टिटवीही ओरडली नाही, सगळं गाव चिडीचूप होतं. पळायला कुठंच जागा नव्हती.

"माझं सगळंच जातं," तो म्हणाला.

कुशाबाईच्या हातातून कोंबडी सुटली. कुणी धरायला गेलं नाही.

"आबा," माया म्हणाली. "तारीख बदलून उपयोग नाही. नवरदेव बदलायचाय."

"पाहुण्यांना शब्द दिलाय आपण."

"तुम्ही दिलाय. मी 'बघू' म्हणाले होते. आता बघितलं."

"कुणाला?"

"ह्याला."

आबांनी संघर्षकडं बघितलं, वरपासून काळ्या हातांपर्यंत. मग लेकीकडं बघितलं. त्यांच्या हातात अजून बटाटा होता.

"मला सांगायचं न्हाईस व्हय?"

"कधी सांगू, आबा? तुम्ही टिटवीला विचारलं. पोपटकाकांना विचारलं. आज कोंबडीचंसुद्धा मत घेतलंत. मी त्याच घरात जेवत होते... तुमच्या समोर बसून."

आबांनी बटाटा ह्या हातातून त्या हातात घेतला. ताईबाई बोलली. "दिवाळीपास्नं हेच म्हणतीया मी," ती म्हणाली, आणि पदरानं उगाच कपाळ पुसलं.

आबा एका दगडावर बसले. समोरच्या दगडाकडं त्यांनी बोट केलं. "बस रं."

संघर्ष बसला. गाव अर्धवर्तुळात उभं राहिलं. असा बघण्याचा कार्यक्रम तालुक्यात कुणी बघितला नव्हता. त्यात पोहेही नव्हते.

"डांबर कुणाचं?"

"कॉन्ट्रॅक्टरचं."

"म्हंजी चोरीचं."

"रिकाम्या पिंपाला चिकटलेलं खरवडलं, आबा. टाकूनच देणार होते."

"उद्या हिच्याशी भांडण झालं तर?"

"मला भांडता येत नाही."

"तिला येतं."

"ते मी रोज बघतोय."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी बटाटा दगडावर ठेवला आणि आवाज खाली आणला.

"आज हिनं कोंबडी उचलली नसती, तर काय केलं असतंस?"

संघर्षनं विचार केला. खरोखर केला, बघणाऱ्यांना दिसत होता.

"उद्या आणखी बटाटे ठेवले असते."

"आन् परवा?"

"परवा तुमच्याकडं आलो असतो. ...परवा नाही, तेरवा. पण आलो असतो, आबा. तिनं दोन दिवस बांधावरून जाणं बंद केलं, तेव्हा मला... मला कळलं, की मी येणार."

आबा उठले, टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"शिरूरला पाहुण्यांकडं मी स्वतः जातो. हात जोडून सांगतो, चूक माझी झाली. पोरीला इचारलं न्हवतं." ते मायाकडं बघून बोलत नव्हते, पण बोलत तिच्याशीच होते. "आन् त्या वरच्या अंड्यांना कुणी हात लावायचा न्हाई. रोलर हाय तिथंच राहील."

"आन् पावसाचं काय?" पोपटराव काकुळतीला आले. "माझा कांदा गेला की, बन्सीआबा!"

"पावसाला पडू द्या. मग इचारू."

लोक पांगले नाहीत. पांगायचं कुणाला सुचलं नाही. पण शहाणी माणसं ती. सगळ्यांनी पाठी फिरवल्या आणि सुटलेल्या कोंबडीचा शोध घ्यायला सुरुवात केली. कोंबडी तिथंच होती.

माया बांध चढू लागली. संघर्ष मागोमाग आला. वर आल्यावर दोघं थांबली. लांब, पाण्याच्या काठावर, बदकाची पिल्लं एकामागं एक चिखलातून चढायचा प्रयत्न करत होती आणि एकामागं एक घसरत होती.

"आबा हो म्हणाले," तो म्हणाला.

"आबा म्हणाले."

"मग?"

"मला कुणी विचारलं?"

त्यानं काळ्या हातांकडं बघितलं. ते पाठीमागं नेले, परत पुढं आणले. ठेवायचे कुठं ते त्याला कळेना.

"माया... लग्न... म्हणजे तू... करशील माझ्याशी?"

"विचार करून सांगते," माया म्हणाली आणि चालायला लागली.

बाभळीपर्यंत गेली. सावलीत थांबली. किती वेळ विचार केला म्हणजे शोभतो, याचा तिनं अंदाज घेतला. मागं तो उभा असणार, हे तिला न बघताही माहीत होतं. तिथून हलायची त्याची छाती नव्हती. झाडाचं एक वाळलं फूल तिच्या खांद्यावर पडलं. तिनं ते झटकलं नाही. मग ती वळली, आणि विचार करत गेलेलं माणूस येतं त्याहून जरा भरभर परत आली.

"केला विचार," ती म्हणाली.

"मग?"

"हो."

त्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला. तिनं तो मनगटाशी, जिथं काळं कमी होतं तिथं, धरला आणि उलटा-सुलटा करून बघितला.

"हे साबणानं निघायचं नाही," ती म्हणाली. "रॉकेल लागेल."

"रॉकेल कुठं मिळेल आता?"

"आमच्या घरी आहे. चल."

आणि कोंबडी शोधणाऱ्या सगळ्या गावासमोरून, त्याचं मनगट न सोडता, माया त्याला घेऊन बांध उतरली.